एक ठिपका कमी पडतो!

बालमित्रांनो, घर तुमचं, कुलूप तुमचं, किल्लीही तुमच्याच हातात, आणि तरी कुलूप म्हणतं, "तू कोण? मी नाही ओळखत!" असं कधी झालंय का तुमचं? माझं झालं. तेही सोमवारी सकाळी, भर वर्गात, चौथीच्या सगळ्या पोरांसमोर!

हे कुलूप दाराचं नव्हतं बरं का. माझ्या लॅपटॉपचं होतं.

नांदुऱ्याहून आमच्या शाळेच्या गावाला जाताना हमरस्त्यावरचा तो १०५ फुटी मारुती लागतो ना, त्याला रोजच्यासारखा लांबूनच नमस्कार करून मी शाळेत पोचलो होतो. परिपाठ झाला, हजेरी झाली. पोरं आधीच सांगून बसली होती, "गुरुजी, आज ओव्या ऐकवजा." मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, उघडला, पासवर्ड टाकला, एंटर दाबलं. पडद्यावर उत्तर आलं, पासवर्ड चुकीचा आहे, पुन्हा प्रयत्न करा.

बोट घसरलं असेल म्हणून पुन्हा टाकला. चुकीचा! तिसऱ्यांदा एकेक अक्षर हळूहळू दाबलं. तरी चुकीचाच! मागच्या बाकावरून आवाज आला, "गुरुजी, इसरले वाटते." आणि वर्गात जो हशा पिकला म्हणता!

पण हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती ती. का, ते सांगतो.

दिवाळीच्या आधी आमच्या चौथीनं एक उद्योग केला होता. गावातल्या म्हाताऱ्या आयाबायांकडे जायचं, जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावायच्या आणि त्या माझ्या मोबाइलवर टेप करायच्या. (पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी हिंडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांच्यापुढे आमचं काम म्हणजे पसाभर. पण होतं आमचं स्वतःचं.) सुरुवातीला आज्या लाजल्या. "आता कुठं राह्यलं जातं, आता तर चक्की आली," असं म्हणाल्या. मग एकीनं सुरू केलं की दुसरी थांबेना. सत्तेचाळीस ओव्या जमल्या. मोबाइल भरला, म्हणून मी त्या सगळ्या लॅपटॉपवर घेतल्या आणि मोबाइलमधून पुसून टाकल्या. आणखी एक प्रत कुठं ठेवली होती? कुठंच नाही! तुम्हाला गृहपाठावरून रागावणाऱ्या गुरुजींनी स्वतःचा गृहपाठ केला नव्हता.

त्यातल्या एक आजी दिवाळीनंतर वारल्या. त्यांची नात माझ्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर बसते. नाव सांगत नाही, कारण ती फार लाजाळू आहे. वर्ग हसत होता तेव्हा ती हसली नाही. जागेवरूनच हळू आवाजात तिनं विचारलं, "गुरुजी, माह्या आजीचं गाणं गेलं काय?"

काय उत्तर देणार? "नाही गं, बघतो मी," एवढंच म्हणालो.

मधल्या सुट्टीत मी लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या एकाला फोन लावला. त्यानं अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "सर, घेऊन या. फॉरमॅट मारून देतो." फॉरमॅट मारणं म्हणजे काय, ठाऊक आहे? पाटी पुसणं! लॅपटॉप उघडेल, नव्यासारखा चालेल; पण पाटीवर लिहिलेलं सगळं गेलेलं असेल. मी म्हटलं, "थांबा, इतक्यात नको." पालकांनाही सांगतो, हा शब्द ऐकला की आधी एकच विचारा, "आतलं सामान राहील का?" आणि उत्तर ऐकूनच पैसे द्या. "नाहीतर आतली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावू," असंही कुणी म्हणेल. जुन्या यंत्रात ते जमायचं. आताच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करून ठेवलेला असतो. विंडोजमध्ये त्याला बिटलॉकर म्हणतात. त्याची वेगळी ४८ आकडी किल्ली असते. ती जवळ नसेल, तर डिस्क हातात असूनही वाचता येत नाही.

सुट्टी संपल्यावर पोरांनी टेबलाला गराडा घातला. एकानं अगदी बिनतोड प्रश्न टाकला, "गुरुजी, लॅपटॉपले तर पासवर्ड माहीत असन ना? मंग तोच काऊन नाही सांगत, काय चुकलं ते?"

मित्रांनो, खरी गंमत इथंच आहे. लॅपटॉपला तुमचा पासवर्ड माहीतच नसतो!

कसं ते पाहा. तुम्ही घरून ज्वारीचं दळण घेऊन गिरणीवर जाता. पीठ घेऊन परत येता. आता त्या पिठाचे पुन्हा ज्वारीचे दाणे करून दाखवा पाहू! कुणाच्या बापजन्मी होणार नाही. लॅपटॉपच्या आत अशीच एक गणिती गिरणी असते. तुम्ही पहिल्यांदा पासवर्ड ठरवता, तेव्हा ती तो दळते आणि फक्त पीठ डब्यात भरून ठेवते. दाणे ठेवत नाही. पुढं जेव्हा जेव्हा तुम्ही पासवर्ड टाकता, तेव्हा गिरणी तो पुन्हा दळते आणि नवं पीठ डब्यातल्या पिठाशी ताडून पाहते. तंतोतंत जुळलं तर दार उघडतं, नाहीतर नाही.

या गिरणीची आणखी एक खोड आहे. खऱ्या गिरणीत पायलीभर ज्वारीत एक दाणा कमी पडला, तर पिठात काय फरक पडणार? इथं मात्र एक अक्षर इकडचं तिकडं झालं, तर निघणारं पीठ साफ निराळं! म्हणून "जवळजवळ बरोबर" असं उत्तर लॅपटॉप देऊच शकत नाही. गणितात रीत बरोबर असली, तर मी तुम्हाला अर्धा मार्क तरी देतो. तो देत नाही.

हे शहाणपण माणसाला ठेच लागूनच आलं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६१ मध्ये एक नवी व्यवस्था दाखवली. एकच भलामोठा संगणक, आणि तो पुष्कळ जणांनी वाटून वापरायचा. ज्याच्या त्याच्या फायली वेगळ्या राहाव्यात, म्हणून ज्याला त्याला पासवर्ड दिला. संगणकावरच्या पासवर्डची गोष्ट इथपासून सुरू होते. पण हे सगळे पासवर्ड जसेच्या तसे एका फाइलमध्ये लिहून ठेवले होते. म्हणजे दाणेच डब्यात!

आता तिथं एक ॲलन शेर नावाचा हुशार विद्यार्थी होता. त्याला संगणकाचा वेळ आठवड्याला चारच तास मिळायचा, आणि त्याचं काम काही तेवढ्यात संपत नव्हतं. १९६२ मध्ये त्यानं काय करावं? फाइल छापून मागायची एक सोय होती. त्यानं पासवर्डच्या फाइलचंच नाव त्या चिठ्ठीत घातलं. दुसऱ्या दिवशी छापील कागद तयार! मग काय, साहेब दुसऱ्यांच्या नावानं आत शिरून मजेत काम करू लागले. ही लबाडी त्यानं कबूल केली ती तब्बल पंचवीस वर्षांनी. (तुम्ही त्याच्याकडून हुशारी घ्या. बाकीचं राहू द्या.)

याहून मोठा घोटाळा १९६० च्या दशकाच्या मध्यावर झाला. आत येणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवसाची सूचना मिळायची. एकदा एक जण ती सूचना दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डच्या फाइलवर काम करत होता. संगणकाची कच्च्या कागदांची अदलाबदल झाली, आणि त्या दिवशी जो येईल त्याला सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड वाचायला मिळाले! पुढे इंग्लंडात केंब्रिजला रॉजर नीडहॅम यांनी त्याच दशकात ही दळायची युक्ती काढली. तेव्हापासून शहाणे संगणक पीठच ठेवतात.

सांगायचा मुद्दा, लॅपटॉपला विचारून उपयोग नव्हता. आम्हालाच शोधायचं होतं. मी फळ्यावर लिहिलं, "पासवर्ड बरोबर आहे, तरी चुकतो. का?" आणि सगळ्यांना सांगितलं, सांगा कारणं.

पहिलं कारण एकानं लगेच सांगितलं, कॅप्स लॉक. हे बटण चुकून दाबलं गेलं तर छोटी अक्षरं मोठी होतात, आणि लॅपटॉपला छोटा 'ए' आणि मोठा 'ए' हे दोन वेगळे दाणे! पाहिलं, दिवा बंद होता. ज्यांच्या लॅपटॉपला उजवीकडे आकड्यांचा वेगळा चौकोन असतो, त्यांनी नम लॉकही पाहावं. तो बंद असेल तर आकडे उमटतच नाहीत. माझ्याकडे तो चौकोनच नव्हता.

दुसरं कारण मला सुचलं, आणि मला वाटलं, सापडला चोर! शनिवारी आम्ही ओव्यांना मराठीत नावं दिली होती. म्हणजे कळफलक मराठीवर राहिला असेल! हे फार जणांचं होतं बरं का. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट नावाची मांडणी आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात ती आहे, आणि विंडोजमध्ये मिळतेच. तिच्यात कळा त्याच, पण अक्षरं वेगळी. इंग्रजी बी दाबलं तर व, यू दाबलं तर ह, एल म्हणजे त, डी म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, एच म्हणजे प, ए म्हणजे ओकाराची मात्रा, एन म्हणजे ल. आता तुम्ही बी-यू-एल-डी-एच-ए-एन-ए असं 'बुलढाणा' लिहायला जा. काय उमटेल? वहत्पोलो! वर्गात दोन मिनिटं नुसतं "वहत्पोलो, वहत्पोलो" चाललं होतं. आपल्याला मात्र पडद्यावर ठिपकेच दिसतात, त्यामुळे आत वहत्पोलो झालंय हे कळतच नाही. यासाठी पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बघायचं. तिथं भाषेची खूण असते. मराठीची दिसली, तर विंडोजची खिडकीवाली कळ दाबून धरून स्पेस दाबायची, की इंग्रजी येते.

आम्ही पाहिलं. इंग्रजीच होती! माझा चोर निर्दोष सुटला.

लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. तरी तेच. तोवर माझे सहा-सात प्रयत्न वाया गेले होते. जास्त झटापट करू नये, हेही सांगून ठेवतो. लागोपाठ फार वेळा चुकलं, की पुष्कळ लॅपटॉप काही मिनिटं दार लावूनच बसतात. तेव्हा चिडून कळा बडवण्यापेक्षा पाणी पिऊन यावं.

मी पाणी पिऊन आलो. मग ठरवलं, आता पोरांनाच कामाला लावायचं. पासवर्ड त्यांना सांगितला नाही हं! तो आईबाबांशिवाय कुणाला सांगायचा नसतो, आणि गुरुजींनीही वर्गाला सांगायचा नसतो. मी तो टाकला आणि एंटर न दाबता म्हणालो, "पडद्यावर ठिपके किती, मोजा बरं. बारा आहेत ना?" (तो पासवर्ड आता बदललाय, म्हणून आकडा सांगतो.)

"बारा!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. गुरुजी बारा म्हणाले म्हणजे बाराच! मोजलं कुणीच नव्हतं.

तिसऱ्या बाकावरची ती पोरगी मात्र पुढं आली. पडद्याला बोट न लावता एकेक ठिपका मोजला. पुन्हा उलटीकडून मोजला. आणि मान खाली घालून म्हणाली, "अकराच आहेत जी."

मी म्हटलं, "नीट मोज."

"अकराच आहेत जी."

मी मोजले. अकरा!

ट्यूब पेटली ती तेव्हा. अक्षरं बारा, ठिपके अकरा. म्हणजे पासवर्डही बरोबर, बोटंही बरोबर. एक कळ दाबली तरी उमटतच नव्हती! मी पुन्हा टाकला, या वेळी प्रत्येक अक्षराला एक ठिपका वाढतोय का ते पाहत. सातव्या अक्षराला ठिपका हललाच नाही. खात्री करायला सगळ्यांना फळ्याकडे तोंड करून उभं केलं आणि पासवर्डच्या चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबून धरलं. तसं केलं की ठिपक्यांऐवजी खरी अक्षरं दिसतात. सातवं अक्षर गायब!

आता ती कळच चालत नाही, तर अक्षर टाकायचं कसं? त्याचीही सोय असते. प्रवेशाच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात, विंडोज ११ असेल तर माणसाच्या आकृतीचं, एक चिन्ह असतं. ज्यांना दिसायला, ऐकायला किंवा हात चालवायला अडचण आहे, त्यांच्यासाठीच्या सोयी त्यात असतात. त्यात पडद्यावरचा कळफलकही असतो. तो उघडला की चित्रातल्या कळांवर माउसनं टिचकी मारून लिहिता येतं. (पिन ठेवला असता, तर नुसत्या आकड्यांनीही मी आत गेलो असतो. आळस केला, ठेवला नव्हता.) पोरं अजून फळ्याकडेच तोंड करून उभी होती आणि "झालं काय? झालं काय?" विचारत होती. मी बारा टिचक्या मारल्या.

दार उघडलं!

सगळ्यात आधी काय केलं असेल? सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस ओव्या पेन ड्राइव्हवर घेतल्या. मग दुसऱ्या पेन ड्राइव्हवर. दुसरा मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. मग लॅपटॉप पूर्ण बंद केला, वायर काढली, उघडाच तिरपा धरला आणि पाठीवर हलकेच थापटलं. रंगकामाच्या कोरड्या मऊ ब्रशानं त्या कळेच्या कडा झाडल्या. (सुरी, पिन घालून कळ उपटायला जाऊ नका. आतली प्लॅस्टिकची पकड तुटली, तर मग खरंच दुकान गाठावं लागतं.) टेबलावर काय पडलं, ओळखा! शेगावच्या कचोरीचा चुरा! शनिवारी शाळा सुटल्यावर मी एका हातात कचोरी आणि दुसरा हात कळांवर, असं काम करत बसलो होतो. एक तुकडा नेमका त्या कळेखाली जाऊन बसला. पोरांना तर मेजवानीच मिळाली. "गुरुजी, वर्गात डबा खाऊ नका म्हणता ना!"

आता पालकांसाठी दोन शब्द. सगळेच इतके नशीबवान नसतात. पासवर्ड खरोखरच विसरला असेल, तर 'पासवर्ड विसरलात?' या ओळीवर टिचकी मारावी लागते. खातं ईमेलचं असेल, तर त्या खात्याला जोडलेल्या मोबाइलवर किंवा दुसऱ्या ईमेलवर एक संकेतांक येतो, आणि नवा पासवर्ड ठरवता येतो. पण बंद पडलेला जुना नंबर जोडलेला असेल, तर संकेतांक जाणार कुठं? तेव्हा तो नंबर आजच तपासा. नवा पासवर्ड ठरवल्यावर लॅपटॉप एकदा इंटरनेटला जोडावा लागतो, नाहीतर बिचारा जुन्या पिठाशीच ताडत बसतो. नेट नसेल, तर मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो. बिटलॉकरची ती ४८ आकडी किल्ली बऱ्याचदा त्याच ईमेल खात्यात ठेवलेली असते. ती कागदावर उतरवून रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवली, तरी चालेल. आणि मोबाइलवर आलेला संकेतांक फोनवर कुणी मागितला, अगदी "कंपनीतून बोलतोय" म्हणून, तरी द्यायचा नाही.

शाळा सुटायला पाच मिनिटं होती. लाइन गेली होती, पण बॅटरी होती. मी त्या पोरीला जवळ बोलावलं आणि म्हटलं, "कोणती लावू?" तिनं बोट दाखवलं. नाव तिनंच दिलेलं होतं, शनिवारी, मराठीत.

आजीचा आवाज आला. आधी थोडं खोकणं, मग "सुरू झालं का रे ते?", आणि मग ओवी. पोरगी ऐकत उभी राहिली. घंटा झाली तरी कुणी दप्तर उचललं नाही. संपल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, ते खोकणं काढू नका."

नाही काढलं.

आता तुमच्यासाठी कोडं. वरच्या बुलढाण्याच्या कळा लक्षात आहेत ना? कळफलक मराठीवर राहिला असताना मी एका गावाचं नाव इंग्रजीत लिहिलं. उमटलं, 'रोतोसव'. गाव नांदुऱ्याहून शेगावकडे जाताना रेल्वेत लागतं, आणि खामगावचा फाटा तिथूनच फुटतो. यातली चार चिन्हं तुम्हाला बुलढाण्यावरूनच सुटतील. उरलेली दोन शोधा, आणि उत्तर पुढच्या अंकात ताडून पाहा.